बुडालं तर कोणाचं?

विचारलेला प्रश्न असा: सतराव्या शतकातल्या समुद्री लढायांत इंग्रज आणि डच दोघेही व्यापाऱ्यांची जहाजं भाड्याने घेऊन आरमारात उभी करत. ही जहाजं खरोखर लढत, की नुसती गर्दी वाढवायला होती? ती पद्धत पुढे मोडली का? आणि आपल्या समुद्रात असं काही घडलं होतं का?

लढत होती. काही फार जिवावर उदार होऊन लढली, पुष्कळशी हात राखून लढली, आणि काहींनी अंतर ठेवून तोफांचा नुसता आवाज केला. हा फरक शौर्याचा होता असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बावीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, त्यातली शेवटची सात कप्तान म्हणून, आणि नंतर मुंबईत जहाजं भाड्याने देण्याघेण्याच्या धंद्यात बसलो. त्यामुळे अशी हकिगत वाचली की माझं लक्ष तोफांच्या आधी भाडेकराराकडे जातं. जहाज बुडालं तर कोणाचं बुडालं? आणि कप्तान कोणी नेमला होता? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की कोण लढेल आणि कोण मागे रेंगाळेल, याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो.

(तारखा इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे देतो आहे. हॉलंड आणि झीलंड हे मुख्य डच प्रांत दहा दिवस पुढे होते, म्हणून दुसरीकडे वेगळी तारीख दिसली तर गोंधळू नका.)

आधी हे समजून घ्यायला हवं की त्या काळी व्यापारी जहाज आणि लढाऊ जहाज यांत आजच्यासारखी भिंत नव्हती. १५८८ मध्ये स्पॅनिश आर्माडासमोर जी सुमारे २०० इंग्रजी जहाजं जमली, त्यांतली राणीच्या मालकीची ३४. बाकी सगळी बंदरांनी आणि व्यापाऱ्यांनी दिलेली. भूमध्य समुद्रात जाणाऱ्या जहाजाला उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांची भीती, इंग्लिश खाडीतून जाणाऱ्याला डंकर्कच्या चाच्यांची. तोफा ठेवाव्याच लागत. लेव्हंट कंपनीची, म्हणजे तुर्कस्तानाशी व्यापार करणारी जहाजं, आणि हिंदुस्थानला येणारी मोठी जहाजं तर अर्धे किल्लेच असत.

पण सगळी जहाजं तशी नव्हती, आणि इथेच पुढच्या भांडणाचं बी आहे. १५९५ च्या सुमारास डचांच्या होर्न गावात ‘फ्लाउट’ नावाचं जहाज निघालं. पोट मोठं, तोफा जवळजवळ नाहीत, खलासी मोजके. लाकूड आणि धान्य वाहायला याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नव्हतं. न्यूकॅसलहून लंडनला कोळसा नेणारी इंग्रजी जहाजंही त्याच पठडीतली. धंदा जसजसा स्वस्ताईकडे सरकला तसतशी व्यापारी जहाजं लढाईला नालायक होत गेली. सरकार मात्र जुन्याच हिशोबाने बंदरात टनभार मोजत होतं.

भाडंही टनावरच ठरे. १६२० च्या दशकात इंग्लंडच्या राजाचा दर महिन्याला टनामागे दोन शिलिंग होता. म्हणजे ३०० टनी जहाजाला महिना ३० पौंड. कागदावर ठीक आहे, पण राजा पैसे वेळेवर देईल तर ना! थकबाकी वर्षानुवर्षं राही. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणजे काय, हे लंडनच्या जहाजमालकांइतकं त्या काळात कोणाला कळलं नसेल.

आता मालकीचं बघा. त्या काळी एक जहाज एका माणसाचं क्वचितच असे. आठवा, सोळावा, बत्तिसावा असे हिस्से पडत, आणि त्यांतला एखादा हिस्सा बहुतेक वेळा कप्तानाचा स्वतःचा असे. आपल्या कोकणातल्या नाखव्यासारखंच. जहाज चालवणारा तोच आणि त्यात पैसा अडकलेलाही त्याचाच. शांततेत ही फार उत्तम व्यवस्था आहे. स्वतःच्या पैशासाठी माणूस जहाज जिवापाड जपतो. पण त्याच माणसाला उद्या सांगितलंत की शत्रूच्या पन्नास तोफांसमोर जाऊन उभा राहा, तर तो काय करील? जहाज जपील. आयुष्यभर तेच तर करत आला.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो, लढाईचा नाही, पण याच जातीचा. जूनचा पहिला आठवडा होता, अरबी समुद्र, जहाज टाइम चार्टरवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्यावर. भाडेकरू रोजच्या हिशोबाने भाडं भरत होता, म्हणून त्याचा निरोप एकच, सरळ या. मालकाचा निरोप, जहाज जपा. दोघांचंही करारात बसत होतं. मी दक्षिणेला वळसा घेतला, दीड दिवस उशीर झाला आणि भाडेकरूने वेग कमी राखल्याचा दावा ठोकला. पगार मालक देत होता, म्हणून मी मालकाचं ऐकलं. यात शूरपणाचा किंवा भित्रेपणाचा संबंध नव्हता. भाडेकरू हुकूम देतो आणि कप्तान मालकाचा असतो, तेव्हा हे असंच होतं, मग भाडेकरू एखादी कंपनी असो नाहीतर खुद्द राजा.

१६२५ साली याची दोन झणझणीत उदाहरणं झाली. पहिला चार्ल्स नुकताच इंग्लंडच्या गादीवर आला होता. त्याने ‘व्हॅनगार्ड’ हे स्वतःचं एक आणि भाड्याची सात जहाजं फ्रान्सच्या राजाला उसनी दिली. फ्रान्सला ती ला रोशेलच्या प्रोटेस्टंट बंडखोरांविरुद्ध हवी होती. इंग्रज खलाशी स्वतः प्रोटेस्टंट, त्यांना हे कळल्यावर त्यांनी साफ नकार दिला. जहाजांच्या कप्तानांनी तर आधी जहाजाच्या किमतीची हमी मागितली, धर्माचा प्रश्न नंतर. ‘ग्रेट नेपच्यून’वरचे फर्डिनांडो गॉर्जेस जहाज घेऊन सरळ निघूनच गेले. बाकीची जहाजं शेवटी फ्रेंचांच्या हाती पडली, पण इंग्रज खलाशी जवळजवळ सगळे उतरून गेले होते.

त्याच वर्षीची स्पेनच्या काडिझ बंदरावरची मोहीम ही दुसरी गोष्ट. पुंताल नावाच्या किल्ल्यावर तोफा डागायला वीसेक कोळसेवाहू जहाजं आणि पाच डच जहाजं पुढे पाठवली. डच गेले आणि रात्रभर मार खाल्ला. कोळसेवाले त्यांच्या मागे दबा धरून राहिले. सेनापती सेसिल संतापला, पण कोळशाच्या जहाजाच्या पातळ फळ्या आणि थकलेलं भाडं पाहिलं की मला त्या कप्तानांवर फार राग धरता येत नाही.

खरा कस लागला तो पहिल्या इंग्रज-डच युद्धात, १६५२ ते १६५४. डचांनी स्पेनशी झालेल्या १६४८ च्या तहानंतर आपली बरीचशी लढाऊ जहाजं विकून टाकली होती. मार्च १६५२ मध्ये त्यांनी १५० जादा जहाजं सज्ज करायचं ठरवलं, ती अर्थातच बहुतांश व्यापाऱ्यांकडून. इंग्रजांच्या ताफ्यातही भाड्याची जहाजं मुबलक होती.

३० नोव्हेंबर १६५२ ला केंटच्या किनाऱ्यावर डंजनेसच्या भूशिराजवळ गाठ पडली. इंग्रज सेनापती रॉबर्ट ब्लेक याच्याकडे चाळीसच्या आसपास जहाजं होती, बाकीची भूमध्य समुद्रात आणि इतरत्र विखुरलेली. समोर मार्टेन ट्रॉम्प, जवळजवळ दुप्पट जहाजं घेऊन. ब्लेक लढायला गेला, आणि त्याच्या मागे यायला हवी होती त्यांतली बरीच जहाजं आलीच नाहीत. संध्याकाळपर्यंत काही मोजकी जहाजं जीव तोडून लढत होती आणि उरलेली वाऱ्याच्या बाजूला लांब थांबून पाहत होती.

ब्लेकने पार्लमेंटला (तेव्हा इंग्लंडात राजा नव्हता) लिहिलेल्या पत्रात चौकशी मागितली आणि आपल्याला मोकळं करा असंही म्हटलं. त्याने एक गोष्ट स्पष्ट लिहिली, आणि ती नेमकी विसरली जाते: कचखाऊपणा फक्त व्यापारी जहाजांनी केला नाही, सरकारच्या स्वतःच्या जहाजांनीही केला.

त्या दिवशी इंग्रजांची दोन जहाजं डचांच्या हाती लागली. एक ‘गार्लंड’, सरकारी. दुसरं ‘अँथनी बोनाव्हेंचर’, भाड्याचं. गार्लंडची ट्रॉम्पच्या ‘ब्रेडेरोडे’ या निशाणाच्या जहाजाशी टक्कर झाली, दोन्ही एकमेकांत अडकली आणि ट्रॉम्पची माणसं गार्लंडवर चढली. तेव्हा बोनाव्हेंचर पळालं नाही. ते ब्रेडेरोडेच्या दुसऱ्या अंगाला येऊन भिडलं, आणि काही काळ डच सेनापतीचं जहाज दोन इंग्रजांच्या मध्ये चेपलं गेलं. मग एव्हर्टसन हा डच सरदार बोनाव्हेंचरच्या मोकळ्या बाजूला आला आणि हिशोब उलटला. कप्तान हॉक्सटन ठार झाला, गार्लंडचा कप्तान बॅटनही. भाड्याचं जहाज लढत नाही असं कोणी म्हणालं की मी हॉक्सटनचं नाव सांगतो.

(ट्रॉम्पने या विजयानंतर डोलकाठीला झाडू बांधून समुद्र झाडून काढल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या काळचा भरवशाचा पुरावा त्याला नाही. चित्रांमुळे ती टिकली.)

पुढे पार्लमेंटने जे केलं ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. भाड्याची जहाजं त्यांनी टाकून दिली नाहीत, घ्यायला दुसरी होती कुठे? त्यांनी करार बदलला. यापुढे भाड्याच्या जहाजावर कप्तान सरकार नेमणार, हिस्सेदार नाखवा नाही. म्हणजे जहाज व्यापाऱ्याचं, पण हुकूम ऐकणारा माणूस भाडेकरूचा. याच सुमाराला, २५ डिसेंबर १६५२ रोजी, ३९ कलमांचा युद्धकायदा मंजूर झाला आणि लढाईत कच खाणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा ठरली. (ऐन नाताळच्या दिवशी पार्लमेंट कामाला बसलं होतं. प्युरिटन लोकांनी नाताळच रद्द केला होता.) आणि नुसता धाक नाही, १ जानेवारी १६५३ पासून अनुभवी खलाशाचा पगार महिना २४ शिलिंग झाला.

परिणाम दिसला का? जून १६५३ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापुढे झालेल्या गॅबर्डच्या लढाईत इंग्रज ताफ्यात भाड्याची बरीच जहाजं होती आणि त्यांनी डंजनेससारखी नामुष्की आणली नाही. अर्थात तिथे आणखी एक गोष्ट बदलली होती. मार्चमध्ये ब्लेक, डीन आणि मंक या तीन इंग्रज सेनापतींनी नवे हुकूम काढले होते: जहाजांनी एकामागे एक रांगेत राहायचं आणि कडेच्या तोफांनी मारायचं. डीन पहिल्याच माऱ्यात ठार झाला, तरी रांग मोडली नाही. डचांची वीसच्या आसपास जहाजं गेली. लढाईनंतर डच दर्यासारंग विटे डी विथने आपल्या सरकारला तोंडावर सांगितलं की इंग्रज आज समुद्राचे धनी आहेत आणि आपलेही.

या रांगेनेच शेवटी भाड्याच्या जहाजांचा निकाल लावला. आधीच्या झोंबाझोंबीत प्रत्येक जण आपल्या ताकदीचा शत्रू शोधत असे, लहान जहाज लहानाशी भिडे. रांगेत ती सोय नाही. समोर जो येईल त्याच्याशी तासन् तास तोफा झाडायच्या. समोर ६० तोफांचं जहाज आलं आणि तुमच्याकडे ३० हलक्या तोफा असल्या, तर कप्तान कितीही निधड्या छातीचा असो, फळ्या फुटायच्याच. आणि तुम्ही रांगेतून बाहेर पडलात की तिथे खिंडार पडतं. जड तोफ पेलायला डेक जाड हवा, तुळया जवळजवळ हव्यात, शेकडो माणसांच्या अन्नपाण्याला पोटात जागा हवी. ते सगळं केलं की माल ठेवायला जागा उरत नाही. म्हणजे मालकाचा धंदाच बुडाला. इथे मात्र कराराने काही सुटणारं नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे.

डचांना हे गॅबर्डच्या आधीच कळू लागलं होतं. १६५३ मध्ये त्यांनी आधी ३० आणि मग आणखी ३० नवी लढाऊ जहाजं बांधायला काढली. महत्त्वाची गोष्ट पुढची. त्यांच्या पाच आरमारी मंडळांना शांतता होताच जहाजं विकून पैसे करायची सवय होती. १६५४ मध्ये ठरवलं की ही साठ जहाजं विकायची नाहीत. कायमचं आरमार म्हणतात ते असल्या कंटाळवाण्या ठरावांतून जन्माला येतं.

लिव्होर्नोच्या लढाईबद्दलही दोन ओळी, कारण ती माझ्या म्हणण्याला थोडी आडवी जाते. मार्च १६५३ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर हेन्री ॲपलटनची सहा जहाजं डच सेनापती व्हान गालेनच्या तावडीत सापडली. दोन सरकारी, चार भाड्याची. ती चार लेव्हंटच्या व्यापारातली दणकट जहाजं होती आणि दणकटच लढली: ‘सॅमसन’ जळालं, ‘लेव्हंट मर्चंट’ आणि ‘पिलग्रिम’ पकडली गेली, ‘मेरी’ तेवढं निसटलं. ॲपलटनच्या स्वतःच्या सरकारी ‘लेपर्ड’वर मात्र खलाशांनीच शेवटी शरणागती पत्करायला लावली. व्हान गालेन जिंकला, पण पायाच्या जखमेने मेला. इथे कप्तान कोणी नेमला यापेक्षा जहाज कुठल्या व्यापारातलं होतं हे जास्त मोलाचं ठरलं.

दुसऱ्या युद्धात, ३ जून १६६५ ला लोवेस्टॉफ्टसमोर, डचांच्या रांगेत त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची मोठी जहाजं होती. ‘ओरान्ये’ हे त्यांतलं एक. इंग्रज युवराज ड्यूक ऑफ यॉर्क ज्यावर होता त्या ‘रॉयल चार्ल्स’वर ते चालून गेलं, वाटेत अनेकांशी झुंजलं आणि शेवटी जळालं. डच ताफा आधीच उधळला होता, सेनापती ओब्दाम आपल्या जहाजाच्या स्फोटात गेला होता. कंपनीचंच ‘मार्सेव्हेन’ पळापळीत आपल्याच दोन जहाजांत अडकलं आणि तिन्ही पेटली. ओरान्येचा कप्तान जहाजाचा हिस्सेदार नव्हता. जहाज गेलं तर ते कंपनीच्या भांडवलातून जाणार होतं. मला वाटतं याचा काही तरी परिणाम असणार.

तिसऱ्या युद्धापर्यंत, म्हणजे १६७२ ला, इंग्रजांच्या मुख्य रांगेतून भाड्याची जहाजं जवळजवळ गेलेली होती. तरी भाड्याचा व्यवहार संपला नाही. दारूगोळा, पाणी, बिस्किटं, सैनिक आणि घोडे न्यायला तो चालूच राहिला. १६८८ मध्ये डचांचा नेता ऑरेंजचा विल्यम इंग्लंडवर उतरला तेव्हा लढाऊ जहाजं पन्नासच्या आसपास आणि भाड्याची वाहतूक जहाजं सुमारे ४००. शत्रूकडे सरळ पाठवायची आगनावही बहुधा जुन्या व्यापारी जहाजाचीच करत. ती जळण्यासाठीच असते, त्यामुळे तिथे हिस्सेदार नाखव्याचा प्रश्न येत नाही, ती आधी विकतच घ्यावी लागते.

आता आपल्या समुद्राबद्दल. १६७९ मध्ये मराठ्यांनी मायनाक भंडारीच्या देखरेखीखाली खांदेरीवर किल्ला उभारायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी अडवायला जो ताफा पाठवला त्यात ‘रिव्हेंज’ हे फ्रिगेट, गुराबं, मचवे आणि शिबाडंही होती. शिबाड मुळात माल वाहायचं गलबत. उथळ पाण्यात मराठा आरमाराचा सरदार दौलतखान याच्या वल्ह्यांच्या होड्यांपुढे त्याची काय गत झाली असेल, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. सप्टेंबरमध्ये लेफ्टनंट थॉर्प असाच एका शिबाडावर मारला गेला.

पण भाडेकराराच्या दृष्टीने याहून चवदार गोष्ट होर्मुझची आहे. १६२१ च्या अखेरीस सुरतेहून इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं रेशीम आणायला इराणच्या किनाऱ्यावर गेली. इराणचा शाह अब्बास याचा सुभेदार इमाम कुली खान याने सांगितलं, आधी पोर्तुगीजांना होर्मुझमधून हाकला, नाहीतर रेशमाचं नाव काढू नका. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात तेव्हा युद्ध नव्हतं. खलाशांनी तक्रार केली की आम्ही व्यापारासाठी आलो आहोत, लढाई करारात नाही, आणि ते अगदी बरोबर होतं. शेवटी जादा पगाराच्या आश्वासनावर ते तयार झाले. कप्तान ब्लाइथ आणि वेडेल यांनी आधी केश्म बेटावरचा किल्ला घेतला. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात फिरलेला विल्यम बॅफिन तिथे गोळी लागून मेला. एप्रिल १६२२ मध्ये होर्मुझ पडलं. भाडं म्हणून कंपनीला लुटीत वाटा आणि गोम्ब्रून, म्हणजे आजचं बंदर अब्बास, तिथल्या जकातीचा अर्धा हिस्सा कबूल झाला.

हे लंडनला कळलं तेव्हा पोर्तुगालवर राज्य करणाऱ्या स्पेनच्या राजाने इंग्लंडच्या राजाकडे तक्रार केली. राजा जेम्सने कंपनीला शिक्षा केली नाही. इंग्लंडचा सरदर्यासारंग ड्यूक ऑफ बकिंगहॅम याने मात्र लुटीतला आपला वाटा मागितला. १६२४ मध्ये हिंदुस्थानकडे निघालेली कंपनीची जहाजं त्यासाठी अडवून ठेवण्यात आली. शेवटी ड्यूकला १०,००० पौंड द्यावे लागले, आणि मग राजालाही तेवढेच.